उरलेलं टाकायचं

"आधी नाव विचारा."

"लोडाला?"

"लोडाला," घंटी म्हणाली. "आणि हसून विचारा, ताई. तुमचं हे तोंड बघून लोडसुद्धा खरं नाव सांगायचा नाही."

कुलूपबाई हसल्या, म्हणजे त्यांनी ओठ दोन्ही बाजूंना ओढले. वृद्धाश्रमाच्या सामानाच्या खोलीत, चादरींच्या मांडणीसमोर, घडीच्या टेबलावर लोड निजवला होता. त्याला पेशंटचा झगा घातला होता. मनगट साधारण कुठे असेल त्या अंदाजाने कागदी पट्टी गुंडाळली होती आणि तिच्यावर घंटीने त्याचं नाव आणि जन्मतारीख लिहिली होती. खालच्या टोकाला लाल पेनाने जखम काढलेली होती. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली गेले की ही शाळा भरायची.

"आपलं पूर्ण नाव सांगता का?" कुलूपबाईंनी लोडाला विचारलं. "जन्मतारीख? बरं. मी आता हात धुतेय. मी आता जुनी पट्टी काढतेय, दुखलं तर लगेच सांगा."

"हं. बोलत राहा. थांबलात की मार्क गेले."

हेच जड जात होतं. कुलूपबाईंनी अख्खी नोकरी तोंड मिटून केली होती. त्या शिकत होत्या तेव्हा मास्क मोजके मिळत, आणि बोलणारी सिस्टर जखमेत थुंकी पाडते, असं त्यांना पहिल्याच वर्षी बजावलेलं होतं. इथे परदेशात सगळंच उलटं. जे बोलून दाखवलं नाही ते केलंच नाही, असं धरत. इथल्या नर्सच्या नोंदणीच्या पहिल्या परीक्षेत त्यांनी प्लॅस्टिकच्या पुतळ्याला नाव विचारलं नाही, म्हणून नापास झाल्या. दुसऱ्या वेळी नाव विचारलं आणि मग सवयीने गप्प राहून सुरेख ड्रेसिंग केलं, म्हणून पुन्हा नापास. आता तिसरी खेप. तिसऱ्यांदा राहिलं की अर्ज बंद, मग सगळं मुळापासून.

त्यांनी लाल पेनाची जखम सलाईनने धुतली. आतून बाहेर, एक बोळा एकदाच. नवी पट्टी लावली, कडा बोटाने दाबल्या. बाटलीत अर्ध्याहून जास्त सलाईन उरलं होतं. त्यांनी झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली मांडणीवर ठेवली.

"अहो," घंटी म्हणाली.

कुलूपबाईंनी मांडणीकडे पाहिलं. बाटली तिथे कशी गेली हे जणू त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"टाका."

त्या बेसिनपाशी गेल्या, झाकण उघडलं, बाटली उलटी केली. पडणाऱ्या धारेबरोबर हात थोडा थरथरला.

"बघा कसा कापतोय," घंटी म्हणाली. "माझ्या गळ्यात बांधताना नव्हता कापला."

बाटली रिकामी झाल्यावर त्यांनी ती केराच्या डब्यात टाकली आणि डब्याचं झाकण हलकेच लावलं, आत कुणी झोपलं असावं तसं.

इथे त्यांना कुणी कुलूपबाई म्हणत नसे. इथे त्या नुसत्या 'ताई' होत्या, कारण सगळ्या मदतनिसांना ताईच म्हणायची पद्धत होती. पहिल्या दिवशी घंटीने त्यांना ताई म्हणून हाक मारली तेव्हा त्या क्षणभर मागे वळून बघत राहिल्या. पूर्वीच्या दवाखान्यात त्या भाजलेल्यांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. कपाटाच्या किल्ल्या कमरेला असत. त्या किल्ल्या वाजल्या की शिकाऊ पोरी एकमेकींना कोपराने ढोसत, "कुलूप आलं." कुलूपबाईंना ते नाव माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. वॉर्डाला महिन्यासाठी मिळणारं सामान पंधरवड्यातच संपायचं, आणि उरलेला पंधरवडा कुलपाच्या जोरावर निघायचा. चिकटपट्टी बोटभर तोडायची. गॉज चौघडी करून चारही बाजूंनी वापरायचा. सलाईनची बाटली उघडली की झाकण लावायचं, लेबल बाहेर करून ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, म्हणजे पुढच्या सिस्टरला वाकून शोधावं लागत नाही. पुस्तकात असं नव्हतं. पुस्तकात दुष्काळही नव्हता.

घंटी तेव्हा शिकाऊ होती, एकोणीस वर्षांची, नुकतंच पुस्तक वाचून आलेली. एका सकाळी तिने ड्रेसिंग केलं आणि पुस्तकात लिहिलं होतं म्हणून उरलेली बाटली मोरीत ओतली. ती वॉर्डातली शेवटची होती. त्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात सलाईन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुलूपबाईंनी तीच रिकामी बाटली बँडेजच्या पट्टीने तिच्या गळ्यात बांधली. पूर्ण पाळी ती बाटली घालून पोरगी वॉर्डात फिरली. डॉक्टरांचा राउंड झाला, ते हसले. भेटीच्या वेळी नातेवाईक आले, त्यांनी विचारलं. दुपारी तिचे वडील जेवणाचा डबा द्यायला आले, दारात उभे राहिले, आणि डबा वॉर्डातल्या मावशींच्या हातात देऊन मुलीला न भेटताच गेले. शेळीच्या गळ्यातल्या घंटीसारखी ती बाटली चालताना हलायची. नाव तिथून पडलं, ते तिच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत टिकलं.

तीच घंटी सात-आठ वर्षांपूर्वी इकडे आली, पहिल्या खेपेत पास झाली, आणि आता या वृद्धाश्रमाची मुख्य नर्स होती. कुलूपबाई बाहेर पडायच्या विचारात आहेत हे कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं तेव्हा तिने आपणहून फोन केला होता. "या की. मदतनिसाची जागा आहे. परीक्षेची तयारी मी करून घेईन." तिने का बोलावलं असेल, याचा कुलूपबाईंनी विमानात विचार केला. उपकार असेल, नाहीतर सूड असेल. दोन्हीसाठी खोली एकच मिळणार होती, म्हणून त्यांनी विचार सोडून दिला.

नर्सिंगची नोंदणी एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची म्हणजे आपण मेलो नाही आणि आपणच जन्मलो होतो, हे दोन्ही सिद्ध करायचं. कुलूपबाई जिथे शिकल्या ती शाळा बंद पडली होती. तिची कागदपत्रांची कपाटं ज्या कॉलेजात गेली तिथला कारकून म्हणे, सही करायला हरकत नाही, पण तुम्हाला मी कुठे ओळखतो? नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. या दोघी एकच बाई आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं, तर इथली फोनवरची मुलगी विचारते, "आणि मिस्टर वारले ना, मग आता तुम्ही नक्की कोणत्या?" ते सुटलं तोवर भाषेच्या परीक्षेची मुदत संपली, ती पुन्हा दिली. संगणकावरची परीक्षा दिली. राहिलं ते हे एकच: पुतळ्याशी गोड बोलून त्याची जखम बांधायची.

आणि घाई होती ती लेकीची. नोंदणी झालेल्या नर्सला मूल सोबत आणता येतं, मदतनिसाला नाही. मूल अठराच्या आतलं हवं. लेकीला मावशीकडे ठेवून आल्या तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि विमानतळावर तिने आईच्या पिशवीचा बंद सोडला नव्हता. आता ती सतरा पूर्ण होती. वाढदिवस पुढच्या महिन्याच्या अखेरीस होता.

सकाळी कामावर निघण्याआधी फोन व्हायचा.

"आई, एक सांग, तू तिथे नर्स आहेस की नाहीस? मैत्रिणी विचारतात."

"आहे."

"मग म्हाताऱ्यांची ढुंगणं कोण धुतं?"

"नर्सच धुते. मी तिथेही धुतली आहेत."

"तिथे तू दुसऱ्यांना धुवायला लावायचीस. मावशीने सांगितलंय." मग थोडं थांबून, "या वेळी होईल ना गं? म्हणजे मी इथल्या कॉलेजचा फॉर्म भरू की नको?"

"नको भरूस."

"नक्की?"

"सांगितलं ना, पिल्या, नको भरूस."

वृद्धाश्रमात गणिताच्या बाई म्हणून एक होत्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. आता पायावर न भरणारी जखम घेऊन खिडकीशी पडून असत. रोज घंटी त्यांचं ड्रेसिंग करायची आणि कुलूपबाई पाय उचलून धरायच्या. मदतनिसाने जखमेला हात लावायचा नाही असा नियम होता. पाय धरलेला चाले.

"परवा परीक्षा ना तुझी?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"हो."

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

"माझ्या वर्गात तिसऱ्यांदा बसणारी मुलं असायची. अक्षर फार सुंदर असायचं त्यांचं." बाईंनी डोळे मिटले. "पाय जरा वर धर. नापास झालीस तरी धरता येतोच ना?"

घंटी हसली. कुलूपबाईंनी पाय वर धरला. ड्रेसिंग संपल्यावर घंटीने निम्मी बाटली त्यांच्या हातात दिली, "टाका," आणि त्यांनी बेसिनकडे जाऊन टाकली. घंटी हे मुद्दाम करत होती. सरावासाठी, असं ती म्हणायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिने लोडाशेजारी भरलेल्या बाटल्यांचा एक खोकाच आणून ठेवला. मुदत संपत आलेल्या, तशाही फेकायच्या होत्या.

"जखम राहू दे. ती तुम्हाला येते. हे करा. उघडायची, चमचाभर वापरायची, टाकायची."

कुलूपबाई उघडत होत्या, टाकत होत्या. बेसिन तुंबून पाणी वर आलं, ते खाली जाईपर्यंत थांबल्या, पुन्हा सुरू केलं. घंटी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून सफरचंद खात होती.

"एक विचारू? त्या दिवशी संध्याकाळी कुणाचं ड्रेसिंग होतं?"

"कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई. स्टोव्हची."

"वाचली?"

"नाही. चार दिवसांनी गेली."

"माझ्यामुळे?"

"नाही. तशीही वाचणार नव्हती." कुलूपबाईंनी पुढची बाटली उघडली. "पट्ट्या वाळून कातडीला धरल्या होत्या. भिजवायला काही नव्हतं. बाहेरून बाटली येईपर्यंत डॉक्टर थांबायला तयार नव्हते. तशाच काढल्या. मी काढल्या."

घंटी खायची थांबली. मग म्हणाली, "हे तेव्हा का नाही सांगितलंत मला?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

"रडले असते. बाटली घालून फिरण्यापेक्षा बरं." तिने सफरचंदाचा गाभा कागदात गुंडाळला. "माझे बाबा त्यानंतर कधी वॉर्डात आले नाहीत, ताई. माझ्या पासिंगच्या दिवशीही नाही. म्हणायचे, तिथे तुला बघवत नाही. आता नाहीत ते. तुम्ही एकदा म्हणा, चुकलं. मग मी ते तिथेच सोडून देईन."

बेसिनमधलं पाणी गुडगुड करत खाली जात होतं. कुलूपबाईंनी खरंच विचार केला. 'हो' म्हणणं सोपं होतं. त्यांची लेक घंटीच्या शिकवण्यावर येणार होती. पण त्यांना कोपऱ्यातली खाट दिसत होती.

"तुझ्या वडलांचं वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण माझं चुकलं नव्हतं."

"बरं," घंटी उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवेना. "मग उद्या टाकणार कशी?"

परीक्षेच्या खोलीत पडदे लावून कप्पे केले होते. प्रत्येक कप्प्यात एक पुतळा, एक ट्रॉली आणि खुर्चीवर एक परीक्षक. कुलूपबाईंच्या वाट्याला आलेला परीक्षक पांढऱ्या केसांचा, सौम्य चेहऱ्याचा माणूस होता. त्याने मान हलवून सुरुवात करायला सांगितलं.

कुलूपबाईंनी पुतळ्याला हसून नाव विचारलं. जन्मतारीख विचारली, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिली. हात धुताना बोलल्या, हातमोजे घालताना बोलल्या. पट्टी काढताना पुतळ्याला म्हणाल्या, "दुखतंय का? झालंच हं." आणि ते इतकं खरं वाटलं की परीक्षकाने वर पाहिलं. जखम धुतली, आतून बाहेर, एक बोळा एकदाच. जखमेचा रंग सांगितला, कडा कशा आहेत ते सांगितलं. नवी पट्टी लावली. शब्द एकामागून एक येत होते, आणि बोलता बोलता त्यांना कळलं की आपण यात पास होतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड आणि हात एका चालीने चालले होते. सगळं लक्ष तोंडाकडे होतं. हात रिकामे होते, त्यांना कुणी काही सांगत नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं जुनं काम केलं. झाकण फिरवलं. बाटली ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवली. लेबल बाहेर केलं.

"मी आता उरलेलं सामान टाकतेय," कुलूपबाई म्हणाल्या, आणि वापरलेले बोळे, पट्टी, हातमोजे डब्यात टाकले.

"आणखी काही?" परीक्षकाने विचारलं. त्याला असं विचारायची गरज नव्हती. तो खालच्या कप्प्याकडे बघत होता, पण कुलूपबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "झालं."

त्या बाहेर आल्या आणि रस्त्यावरच्या बाकावर बसून आधी लेकीला फोन केला.

"झालं, पिल्या. या वेळी सगळं बोलले."

"खरंच? आई, खरंच? मग मी बॅग घेऊ? मावशी म्हणत होती थांब, पण मी बघून ठेवलीये. निळी."

"घे," कुलूपबाई म्हणाल्या.

निकाल आला तेव्हा त्या जेवणाच्या खोलीत टेबलं पुसत होत्या. फोनच्या पडद्यावरचं त्यांनी दोनदा वाचलं आणि घंटीकडे नेलं, कारण काहीतरी गफलत झाली होती.

"मी टाकली होती," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय. बोलले मी, उरलेलं टाकतेय म्हणून."

घंटीने वाचलं. परीक्षकाने एकच कारण दिलं होतं: उघडलेली सलाईनची बाटली पुन्हा वापरासाठी ठेवली, पेशंटला संसर्गाचा धोका. बाकी सगळ्यापुढे पूर्ण गुण होते.

"खालच्या कप्प्यात," घंटी वाचत म्हणाली. "लेबल बाहेर करून." ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने फोन परत दिला. "पाच नंबरच्या आजोबांना आंघोळीला न्यायचंय, ताई. तुमची पाळी आहे."

लेकीला सांगायला दुसरा दिवस उजाडला. पडद्यावर लेकीच्या मागे पलंगावर निळी बॅग उभी होती, तिच्या चाकांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

लेकीने कारण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक बाटली?"

"हो."

"तुला एक बाटली टाकता आली नाही, आई?"

"पुन्हा अर्ज करता येतो. सगळं मुळापासून, पण..."

"मी अठरा होणारे. तेव्हा माझं काय मुळापासून करणार?" तिने डोळे पुसले नाहीत, नुसती नाक ओढत राहिली. "इथला कॉलेजचा फॉर्म परवाच बंद झाला. तूच म्हणालीस नको भरू."

मागून मावशीचा आवाज आला, "ठेव आता, तिची ड्युटी असेल." आणि लेकीने खरंच ठेवला.

महिना गेला. लेकीच्या वाढदिवशी कुलूपबाईंनी सकाळी फोन केला, तो मावशीने घेतला. पोरगी मैत्रिणींबरोबर बाहेर गेली होती. निळी बॅग दुकानदाराने परत घेतली नाही, ती माळ्यावर टाकली, असंही मावशीने सांगितलं.

त्या दिवशी गणिताच्या बाईंचं ड्रेसिंग होतं. कुलूपबाईंनी पाय धरला. जखम थोडी भरत आली होती.

"काय झालं तुझ्या निकालाचं?" गणिताच्या बाईंनी विचारलं. त्या रोज विचारायच्या आणि रोज विसरायच्या.

"नापास," कुलूपबाई म्हणाल्या.

"किती मार्कांनी?"

"एका."

"मग वाढवून द्यायला हवा होता. मी द्यायचे." बाईंनी थोडा विचार केला. "नाही. नव्हते देत."

घंटीने पट्टीच्या कडा दाबल्या, हातमोजे काढले आणि बाटली कुलूपबाईंच्या हातात दिली. बाटली जवळजवळ भरलेली होती. वरचं दोन बोटं सलाईन तेवढं खर्चलं होतं. या वेळी घंटी 'टाका' म्हणाली नाही. ती ट्रॉली ढकलत दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

कुलूपबाई बेसिनपाशी गेल्या.

"मी आता उरलेलं सलाईन टाकतेय," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"कुणाशी बोलतेस गं?" खाटेवरून गणिताच्या बाईंनी विचारलं.

कुलूपबाईंनी बाटली उलटी केली. धार सरळ पडत होती. दारातून घंटी त्यांच्या हाताकडे बघत होती. बाटली रिकामी व्हायला वेळ लागला, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हात एकदाही थरथरला नाही.